गॅसबत्तीतली गोदावरी

समजा, तुम्हाला एक नदी रंगवायची आहे.

कागदावर नाही, मांजरपाटावर. पट्ट्याला पट्टा शिवून घराच्या भिंतीहून मोठा केलेला कपडा जमिनीवर ताणून खिळवलाय आणि तुम्ही अनवाणी त्याच्या मधोमध उभे आहात. वाकून रंगवायला गेलात तर दुपारपर्यंत कंबर धरेल, म्हणून कुंचला बांबूला बांधलेला. अंगण झाडावं तसं उभ्यानं रंगवायचं. रंग म्हणजे नीळ, गेरू, पिवडी, हिंगूळ आणि काजळी. त्यांची पूड खडूच्या पांढरीत कालवायची आणि वर कढत सरस ओतायचा. सरस म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांची खळ. तिचा वास डोक्यात जातो. ती कोमट असेपर्यंतच रंग पसरतो, थंड झाली की दह्यासारखी थिजते. शिवाय ओला रंग दिसतो एक आणि वाळला की होतो दुसराच, चांगलाच फिका. म्हणजे डोळ्यांपुढं दिसतो तो रंग लावायचाच नाही. उद्या दिसेल तो मनात धरून आज लावायचा.

महिना वैशाखाचा. दारं उघडी टाकलीत तर नांदेडची झळ आत येऊन रंग बघता बघता सुकवते आणि नदीच्या मधोमध जोडाची रेघ उमटते. म्हणून दारं बंद, खिडक्यांवर ओली पोती. आत अंधार, म्हणून भर दुपारी गॅसबत्ती पेटवलेली. तिची धग वरून, सरसाच्या चुलीची बाजूनं. आता पाणी काढा. वाहतं पाहिजे.

संगप्पानं हे काम मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत केलं. तो नाटकाचे पडदे रंगवायचा. दरबार, जंगल, रस्ता, महाल, देऊळ. कुठलंही नाटक असो, या पाच-सहा पडद्यांत भागायचं. तो मूळचा उदगीरकडचा. बाप मोंढ्यात हमाली करायचा. एका उन्हाळ्यात तिथं एका नाटक कंपनीनं तंबू ठोकला आणि पोरगं तंबूच्या मागून हलेना, म्हणून बापानं त्याला कंपनीच्या पडदेवाल्या वस्तादाकडं सोपवलं. वस्ताद तापट होता. का, असं विचारलेलं त्याला खपायचं नाही. त्यानं संगप्पाला हात दिला आणि हाताबरोबर काही नेम दिले. कुंचल्याच्या पाण्याला पाय लावायचा नाही. देवाचं तोंड रंगवताना बोलायचं नाही. आणि पडद्याला ऊन दाखवायचं नाही. पडदा शेडमध्ये रंगवायचा, गुंडाळून गाडीत घालायचा आणि रात्री तंबूत उलगडायचा. संगप्पाला वाटायचं, हे नजर लागण्यातलं काहीतरी असणार. बाळंतिणीला झाकतात, नव्या नवरीला झाकतात, तसंच पडद्याला. त्यानं नेम पाळला आणि त्यामागचं कारण कधी शोधलं नाही.

पुढं तो रेणुकादासांच्या कंपनीत आला. रेणुकादास नांदेडचे, चांगल्या घरचे, नाटकापायी वकिली सोडलेले. कंपनीचा मुक्काम उन्हाळ्यात नांदेडात असायचा, कारण कापसाचा हंगाम उरकलेला, लग्नसराई चालू आणि लोकांना सवड. संगप्पानं चितार गल्लीत घर केलं. बायको सिद्धम्मा, एक मुलगी महानंदा. गल्लीत जिनगर, कासार, रंगारी, तांबट असे हातावर पोट असणारे लोक होते आणि गल्लीच्या टोकाला जिनिंगची मोठी शेड होती. उन्हाळ्यात कापूस संपला की ती रिकामी पडायची. कंपनीचे पडदे संगप्पा तिथंच एका कोपऱ्यात रंगवायचा.

त्याला एक बोचणी होती. पडदा वर जायचा, टाळ्या पडायच्या, पण त्या नटाला. संगप्पा शेवटच्या रांगेमागं उभा राहून लोकांची डोकी बघायचा. कुणाचीही मान नटाला सोडून मागच्या जंगलाकडं वळायची नाही. त्यानं एकदा रेणुकादासांजवळ हे बोलून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "संगप्पा, पडदा म्हणजे आपली भिंत. भिंतीला कुणी टाळ्या वाजवतं का? पडली तर मात्र सगळे बघतात."

मग बोलपट आले. मग महायुद्ध आलं. नट पळाले, तंबू विकला गेला आणि कंपनी मोडली. निरोप घेताना रेणुकादासांनी नव्या नाटकासाठी आणून ठेवलेला कोऱ्या मांजरपाटाचा तागा संगप्पाच्या दारात ठेवला. आता याच्यावर तुला वाटेल ते काढ, म्हणाले. तोवर आयुष्यात कुणी संगप्पाला असं म्हटलं नव्हतं. तो पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, टांग्यांवर फुलं काढायचा, दुकानांच्या पाट्या लिहायचा, आणि तागा माळ्यावर तसाच ठेवायचा.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात गल्लीत नुमाइश भरायची ठरली. तशी ती दर वर्षी भरायची, पण लहान. जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये गल्लीतले लोक आपापली कामं मांडायचे. तांबटांचे हंडे, जिनगरांची खोगिरं, रंगाऱ्यांची लुगडी. संध्याकाळी शहर लोटायचं, सरबतं व्हायची, कुणी गाणारा मिळाला तर गाणंही व्हायचं. त्या वर्षी अमृतराव वकील कमिटीचे चिटणीस झाले आणि त्यांनी तालुकदारसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य अंमलदारांचा, पाठिंबा मिळवला. हैदराबादहून परीक्षक येणार होते. कसब वेगळं आणि चित्रं वेगळी मांडायची ठरली. अमृतराव संगप्पाच्या ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले की चित्रांच्या बाजूची अख्खी मागची भिंत मोकळी आहे, तुझं काहीतरी मोठं पाहिजे. पुढं नट नाही, गाणं नाही. लोक येतील ते फक्त चित्र बघायला येतील.

संगप्पानं माळ्यावरून तागा काढला.

त्यानं गोदाकाठ रंगवायला घेतला. पहाटेचा घाट, पायऱ्या, पाण्याला आलेल्या बाया, पलीकडचा तीर, मधे नदी. माहूरचा डोंगर काढावा, देवी काढावी, असं गल्लीतल्या लोकांनी सुचवलं. देवीचं चित्र असलं की परीक्षकाला नावं ठेवता येत नाहीत, असा एका जिनगराचा सल्ला होता. संगप्पानं ऐकलं नाही. देवीला लोक हात जोडतात, बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. चैत्र सरला, वैशाख लागला. घासलेट मिळेनासं झालं होतं. ब्रह्मदेशातून येणारं तेल बंद पडलेलं, घराघरात चिमण्या विझलेल्या आणि करडीच्या तेलाच्या पणत्या परत आलेल्या. संगप्पानं जिथून मिळेल तिथून बाटली-बाटली घासलेट जमवून शेडमध्ये गॅसबत्ती पेटती ठेवली. सिद्धम्मा भाकरी घेऊन यायची तेव्हा दार किलकिलं करून आत सरायची. एकदा ती तिथंच उभी राहिली. नंतर गल्लीत बायकांना सांगत होती की मला तर पाय भिजल्यासारखं झालं.

पडदा पुरा झाला, वाळला, मागच्या भिंतीवर चढला, आणि त्यावर पोत्यांचं झाकण टाकलं. दुसऱ्या दिवशी अमृतराव आले. घासलेटचा हुकूम आलाय, म्हणाले. नुमाइशीला बत्त्या लावायच्या तर तेल नाही. तेव्हा या साली संध्याकाळ नाही, सकाळी उघडायचं आणि दिवस मावळायला बंद करायचं. शेडच्या छपराला काचेची तावदानं होती, कापसाच्या धुळीनं पार आंधळी झालेली; ती धुऊन घेतली की भरपूर उजेड पडेल.

संगप्पानं मान वर करून छपराकडं बघितलं. मग म्हणाला, "पडद्याला ऊन दाखवत न्हाईत, अमृतरावजी. वस्तादाचा नेम हाय."

"का दाखवत नाहीत?"

"ते काय मला ठावं न्हाई."

"मग झालं तर," अमृतराव म्हणाले. "कंपनीचा नेम कंपनीबरोबर गेला. हा पडदा नाही, संगप्पा. हे चित्र आहे."

ही गोष्ट संगप्पाला पटली, नव्हे आवडली. हे चित्र आहे. इतकी वर्षं जे कुणी म्हटलं नव्हतं ते चिटणीस स्वतः म्हणत होते. तरी नेम मोडायचा तर काहीतरी केलं पाहिजे, म्हणून त्यानं दुसऱ्या दिवशी पडद्यापुढं नारळ फोडला, वस्तादाच्या नावानं हात जोडले आणि पोती तशीच राहू दिली. उद्घाटनाच्या सकाळी ती काढायची होती. एकदा आधी उजेडात बघून घ्यावं, असं त्याच्या मनात आलं नाही. ऊन म्हणजे मोठी गॅसबत्ती, त्याची भीती ती काय. नारळाखेरीज दुसरी काही तयारी लागेल असं त्याला वाटलंच नाही.

सकाळी तालुकदारसाहेब आले, परीक्षक आले, मागं शहर आलं. तावदानांतून पांढरं ऊन सरळ मागच्या भिंतीवर पडलं होतं. संगप्पानं दोरी ओढली. पोती खाली आली.

मागून एकजण म्हणाला, "अरे, नदीत नीळ कुणी सांडली बे? धोब्याचं पोतं फुटलं का काय?" आणि हशा झाला. दुसरा म्हणाला की या बाया पाण्याला आल्यात का पाण्यातून काढल्यात ते विचारून घ्या. त्यावर आणखी हशा झाला, कारण ते खरं होतं. नदी निळीभोर भडक होती, डोळ्यांना टोचत होती. पहाटेचं आभाळ केशरी चिखलासारखं झालं होतं. आणि बायांच्या तोंडांवर, हातांवर पांढरट निळसर कळा होती, बुडालेल्या माणसाच्या अंगावर असते तशी.

परीक्षक भले गृहस्थ होते, हसले नाहीत. चित्रापुढं थोडा वेळ थांबले आणि अमृतरावांकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मेहनत दिसते. डोळा नाही." ते पुढच्या चित्राकडं गेले. अमृतरावांनी संगप्पाकडं बघायचं टाळलं.

लोक हसले याचं संगप्पाला तेवढं लागलं नाही. तो स्वतः पडद्याकडं बघत होता आणि त्यालाही तेच दिसत होतं. कुणी कपटानं काही केलं असतं, पाणी मारलं असतं, रंग बदलले असते, तर तो भांडला असता. पण रेघ न् रेघ त्याच्या हातची होती. रात्रंदिवस शेडमध्ये जी नदी वाहत होती तीच ही होती. मग त्याचं मन मागं जाऊ लागलं. ते सगळे दरबार, ती जंगलं, ते महाल, सगळे असेच असणार. तंबूतल्या अर्धवट उजेडात कुणाला कळलं नाही, एवढंच. लोक नटाकडंच बघत राहिले हे बरंच झालं म्हणायचं. रेणुकादास म्हणत होते ती भिंतसुद्धा नव्हती. ते आजवर चालून गेलेलं सोंग होतं.

तो घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. नुमाइश पुढं आठवडाभर चालली. गोदाकाठ पाहायला गर्दी व्हायची, असं कळायचं. लोक एकमेकांना मुद्दाम न्यायचे. तालुकदारसाहेबांच्या घरच्या बायकांसाठी शेवटचा दिवस राखून ठेवला होता. त्या दिवशी शहरातल्या पडद्यातल्या बायका, वकिलांच्या, सावकारांच्या बायका येणार होत्या आणि पुरुषांना आत जायची इजाजत नव्हती, दारावरचे शिपाईसुद्धा लांब उभे करणार होते. सिद्धम्मालाही शेजारणींनी चल म्हटलं. नवरा जेवत नव्हता, म्हणून ती गेली नाही.

एक दिवस संगप्पानं तिला विचारलं की तू शेडमध्ये आली होतीस, तुला खरंच काय दिसलं. ती म्हणाली, "नदीच वाटली मला. पर मला काय कळतंय त्यातलं." त्याला तिच्या बोलण्यातलं फक्त दुसरं वाक्य ऐकू आलं.

नुमाइश उठली. पडदा गुंडाळून घरी आला. त्याच सुमाराला महानंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. कापडाचा इतका तुटवडा होता की दुकानात हातभर मांजरपाट मिळत नव्हता. लोक मयताला जुन्या धोतरात गुंडाळत होते. बाळाला दुपटी नाहीत, बाळंतिणीला बांधायला कापड नाही, आणि घरात एवढा मोठा तागा रंगानं मढून पडलेला. सिद्धम्मा तोंड उघडून काही म्हणाली नव्हती. संगप्पाच उठला.

सरसाचा रंग तेलाच्या रंगासारखा पक्का नसतो. कढत पाण्यात सरस सुटतो आणि रंग मोकळा होतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यानं शेजारच्या रंगाऱ्याची मोठी कढई मागून आणली, चूल पेटवली, पडदा उसवून पट्टे वेगळे केले. सिद्धम्मानं तेव्हा त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या की गुंडाळून. कापडाचं बघू कायतरी."

"ठेवून कुणाला दाखवू?" तो म्हणाला.

एकेक पट्टा त्यानं कढईत सोडला, बडवला, पिळला आणि उरलेला रंग काढायला घाटावर नेला. वैशाखातली गोदावरी एका बाजूला सरकून ओढ्याएवढी उरली होती. खडूची पांढरी आणि नीळ तिच्यातून दूरवर जात राहिली. घाटावरचे धोबी ओळखीचे होते. त्यांना थट्टा सुचली असणार, पण कुणी केली नाही. कापड निघालं ते मळकट निळं, पण मऊ. त्यातून दुपटी झाली, बाळंतिणीची बांधणी झाली, उरलं ते सिद्धम्मानं गल्लीत वाटलं. महानंदाला मुलगी झाली.

फक्त एक चिंधी राहिली. पडद्याच्या खालच्या काठाला बांबू घालायला दुमड असते, तिथं सरस जाड बसलेला, सुटला नाही. सिद्धम्मानं ती कडक पट्टी कापून ज्वारीच्या कणगीचं तोंड बांधायला घेतली. पट्टीवर घाटाची शेवटची पायरी होती, थोडं पाणी होतं आणि एका बाईचं पाऊल.

भादव्यातल्या एका संध्याकाळी सिद्धम्मा ज्वारी काढायला गेली आणि तिनं करडीच्या तेलाचा दिवा कणगीशेजारी ठेवला. संगप्पा नातीला मांडीवर घेऊन बसला होता. त्याची नजर पट्टीवर गेली. पाऊल ओलं होतं. जिवंत, सावळं, नुकतंच पाण्यातून वर घेतलेलं. खाली पाणी गडद आणि मऊ होतं, त्यात दिव्याचा उजेड हलत होता. त्यानं पोर सिद्धम्माकडं दिलं आणि दिवा उचलून जवळ नेला, लांब नेला. पाऊल तसंच राहिलं. सकाळी त्यानं पट्टी सोडून दारात उन्हात धरली. मेलेल्या बाईचं पाऊल.

यामागचं कारण आज शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. दिव्याच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात तांबडं-पिवळं भरपूर असतं आणि निळं कमी. म्हणून अशा उजेडात निळा रंग मरतो, पिवळा पांढरा पडतो आणि माणसाच्या अंगाचा रंग नको तेवढा लाल दिसतो. संगप्पा आयुष्यभर बत्तीखाली रंगवत आला होता. बत्ती जे खाऊन टाकते ते त्याचा हात नकळत आधीच जास्त घालत होता आणि जे ती वाढवते ते काढून घेत होता. निळ्यात आणखी नीळ, सोनेरीऐवजी केशरी, अंगाच्या रंगातून तांबडं वजा. उन्हात ही सगळी भर उघडी पडली. वस्तादानं हे सांगितलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. कदाचित वस्तादालाही माहीत नसावं.

संगप्पाला कारण कळलं नाही, पण गोष्ट कळली. त्याचा डोळा गेला नव्हता. शेडमधली नदी खरी होती. आणि ती त्यानं आपल्या हातानं कढईत उकळून घाटावर सोडली होती. सिद्धम्मा सांगायची की त्या दिवशी सकाळी तो दारात पट्टी धरून कितीतरी वेळ उभा होता, आणि तिनं हाक मारली तर म्हणाला, "कुणी बघितलंच न्हाई की गं."

हे वाक्यही टिकलं नाही. महानंदाला सासरी धाडायची वेळ आली तेव्हा बांगड्या भरायला चतुराबाई कासारीण घरी आली. ती गल्लीतलीच, तोंडाची फटकळ आणि हाताची मऊ. हे सगळं मला तिच्या घरातूनच कळलं. महानंदाचा हात दाबत ती बोलत होती, आणि बोलता बोलता नुमाइशीतल्या बायकांच्या दिवसावर आली. काय तो थाट होता, म्हणाली. उन्हाचं कुणी येईना, म्हणून दिवस मावळल्यावर ठेवलं. साहेबांच्या बंगल्यावरून तेल आलं, बत्त्या आल्या. चारी कोपऱ्यांत गॅसबत्त्या, सगळी शेड लखलख. तिला आत दुकान मांडू दिलं होतं, कारण बांगड्या बाईनंच भरायच्या.

संगप्पा ओसरीवर टांग्याच्या पाटीला रंग देत होता. तो तसाच आत आला. बाईमाणसं बांगड्या भरत असताना पुरुष आत येत नाही, पण तो आला. त्यानं विचारलं की माझा पडदा तेव्हा होता का भिंतीवर.

"होता की भाऊजी. त्याच्याखालीच तर मी बसले होते."

"कसा दिसत होता?"

चतुराबाई म्हणाली की ते मला काय माहीत, माझी पाठ होती तिकडं. पुढ्यात एवढ्या बाया, मान वर करायला सवड नव्हती. मग तिला काहीतरी आठवलं. "बाया मात्र बघून राहिल्या होत्या. हात माझ्या हातात आन् ध्यान माझ्या डोईवरून मागं. एकीला तर म्या दोनदा म्हटलं, बाई, मूठ ढिली सोडा, काच फुटंल."

संगप्पा भिंतीला टेकून खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा बत्तीच्या उजेडात लोकांनी त्याच्या पडद्याकडं मान वळवली होती. त्या वेळी तो अर्ध्या गल्लीच्या अंतरावर भिंतीकडं तोंड करून पडलेला होता. पडदा राहिला असता तर त्यानं कुणालातरी हात धरून आणलं असतं, तेल भीक मागून आणलं असतं. आता उरल्या त्या फक्त बघणाऱ्या बायका; त्या नदी बघत होत्या का ऐकलेल्या थट्टेपायी बघत होत्या, हे त्याच सांगू शकत होत्या. त्या कोण होत्या? साहेबांच्या घरच्या, नवाबांच्या घरच्या, वकिलांच्या माड्यांवरच्या. चितार गल्लीतला एक पाट्या रंगवणारा माणूस कुणाच्या दारात जाऊन म्हणणार होता की तुमच्या घरातल्या बाईला मला एक विचारायचंय? आणि साहेबांची तोवर बदलीही झाली होती.

सिद्धम्मानं त्याच्यासाठी विचारून पाहिलं. आडावर, देवळात, मोंढ्यात ज्वारी पाखडायला येणाऱ्या बायांना. गल्लीतल्या दोघी-तिघी त्या संध्याकाळी गेल्या होत्या. त्यांना बर्फाचं सरबत आठवत होतं, बेगमांचे कपडे आठवत होते. चित्राचं विचारलं की त्या एकमेकींकडं बघायच्या आणि बरं होतं म्हणायच्या. संगप्पाला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होत्या की खरंच, हे सिद्धम्मालाही कळेना. शहरभर त्या पडद्याची थट्टा इतकी झाली होती की आता खरं उत्तर कुणाच्या तोंडून यायचं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. ज्यांनी बघितलं त्या घराबाहेर पडत नव्हत्या आणि ज्या भेटत होत्या त्यांना त्याची दया येत होती.

त्यानंतर पाच वर्षं तो जगला. रझाकारांची धामधूम झाली, पुढं पोलीस ॲक्शन झाली, हैदराबादचं राज्य गेलं. संगप्पा शिंगं रंगवत राहिला. मोठं काही त्यानं पुन्हा काढलं नाही. चतुराबाई बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून गल्लीतून निघाली की तो ओसरीवरून तिला थांबवायचा. पहिल्यांदा ती बसून आठवायचा प्रयत्न करायची, नंतर चालता चालताच मान हलवायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "भाऊजी, मी कासारीण हाय. मी मनगट बघते, तोंड बघत न्हाई. मनगटं विचारा, सगळी सांगते."

तो रागावला नाही. तिला वाट मोकळी करून देत, नेहमीच्याच हलक्या आवाजात त्यानं पुन्हा विचारलं, "तेवढं एकच आठवा, वहिनी. बघताना त्या हसत होत्या का?"